वहीत नसलेले तास

लियॉन शहराच्या रेल्वे स्टेशनात १८५०च्या दशकात एक वेगळी तिकीट खिडकी होती, आर्स या एकाच गावाला जाणाऱ्यांसाठी. तिथे मिळणारं परतीचं तिकीट आठ दिवस चालायचं. आर्स लियॉनपासून जेमतेम ३५ किलोमीटर. सकाळी निघालेला माणूस काम उरकून दिवेलागणीला घरी परतावा एवढंच अंतर. मग आठ दिवसांची मुदत कशासाठी? रेल्वेवाल्यांना अनुभवाने कळलं होतं, की आर्सला गेलेल्याचा नंबर कधी लागेल याचा नेम नाही.

हा नंबर असायचा सत्तरीकडे झुकलेल्या एका खेडवळ पाद्रीसमोर गुडघे टेकण्यासाठी.

त्यांचं नाव ज्याँ-मारी व्हियानी. आम्ही वसईचे ख्रिस्ती लोक त्यांना संत जॉन मेरी व्हियानी म्हणतो. धर्मग्रामांत, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीत, काम करणाऱ्या धर्मगुरूंचे ते आश्रयदाते संत. ४ ऑगस्टला त्यांचा सण येतो, त्या दिवशी मिस्सा, म्हणजे आमची उपासना, झाल्यावर आम्ही आमच्या फादरांना शुभेच्छा देतो, मुलं फुलं देतात. लहानपणापासून हा सण पाहत आलो. मात्र त्या माणसाच्या आयुष्याचा हिशेब कागद-पेन्सिल घेऊन मांडला तो अगदी अलीकडे, आणि आलेले आकडे खरे वाटेनात म्हणून तो तीनदा पुन्हा केला.

आधी गाव बघा. १८१८च्या फेब्रुवारीत व्हियानी आर्सला आले तेव्हा तिथली वस्ती होती सुमारे २३०. आपल्या एसटीच्या पाच-सहा गाड्यांत अख्खं गाव बसेल. मातीच्या भिंतींची चाळीसेक घरं, एक लहानसं चर्च आणि दारूचे गुत्ते चार. म्हणजे दहा घरांमागे एक गुत्ता. त्या गावात देवावरचं प्रेम फारसं नाही, ते तुम्हीच घेऊन जा, अशा अर्थाचं बोलून वरिष्ठांनी त्यांना पाठवलं होतं. पायी येताना धुक्यात वाट चुकली, तेव्हा मेंढरं राखणाऱ्या एका पोराने रस्ता दाखवला. नकाशावर शोधूनही न सापडणारी अशी गावं ज्याच्याकडून फारशी अपेक्षा नाही अशा धर्मगुरूच्या वाट्याला येत.

अपेक्षा नव्हतीच. १७८६ साली लियॉनजवळच्या दार्दिली गावात एका शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. ते तीन वर्षांचे असताना फ्रेंच राज्यक्रांती झाली आणि पुढे धर्मगुरूंना लपूनछपून मिस्सा करावी लागू लागली. व्हियानींना पहिलं ख्रिस्तशरीर मिळालं ते १७९९ साली, खिडक्या झाकलेल्या एका खोलीत. आतला उजेड बाहेर दिसू नये म्हणून खिडक्यांपुढे गवताच्या गाड्या उभ्या केल्या होत्या. अभ्यासाला बसले ते विशीत. त्यातच नेपोलियनच्या सैन्यात भरतीचा हुकूम आला. आजारपणाने तुकडीपासून मागे राहिले आणि वर्षभराहून जास्त काळ डोंगरातल्या एका खेड्यात दुसऱ्या नावाने लपून काढला. पुढे सेमिनरीत लॅटिन काही केल्या डोक्यात शिरेना. परीक्षेत नापास झाले आणि घरी पाठवले गेले. एक्युली गावचे धर्मगुरू आणि त्यांचे गुरू बाले यांनी त्यांच्यासाठी शब्द टाकला नसता तर गोष्ट तिथेच संपली असती. क्रांतीनंतरच्या फ्रान्समध्ये धर्मगुरूंचा तुटवडा होता. मुलगा भक्तिमान आहे ना, मग चालेल, अशा विचाराने १३ ऑगस्ट १८१५ रोजी ग्रनोबल इथे त्यांना गुरुदीक्षा मिळाली. वॉटर्लूची लढाई होऊन दोन महिनेही झाले नव्हते.

या दीक्षेतली एक बाब मला चटका लावते. पापनिवेदन ऐकण्याची परवानगी त्यांना सुरुवातीला दिलीच नव्हती. एवढ्या नाजूक कामाला हा माणूस पुरा पडणार नाही असं वरच्यांना वाटलं. काही महिन्यांनी परवानगी आली, आणि त्यांच्यासमोर पहिल्यांदा गुडघे टेकले ते त्यांचे गुरू बाले यांनी.

आता गर्दी. १८३० ते १८४५ या काळात आर्सला रोज सरासरी ३०० माणसं येत होती असं चरित्रकार लिहितात. १८५५ सालाबद्दल कुणी वर्षाला २०,००० म्हणतं. शेवटच्या एक-दोन वर्षांसाठी ८०,००० पासून १ लाखापर्यंत आकडे दिलेले आहेत. हे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि ते साहजिक आहे. वेशीवर बसून डोकी मोजणारं कुणी नव्हतं. मी ८०,००० धरून चालतो. ८०,००० भागिले २३० म्हणजे जवळपास ३४८. गावातल्या प्रत्येक माणसामागे, तान्ह्या पोरासकट, वर्षाला ३४८ पाहुणे.

आपल्याकडच्या मापाने हे पाहायचं तर पंढरपूर घ्या. गावची वस्ती लाखाच्या आसपास. आषाढीला दहा-बारा लाख वारकरी येतात, म्हणजे वस्तीच्या दहा-बारा पट, आणि तेवढ्यासाठी सारी शासनयंत्रणा कित्येक आठवडे राबते. आर्सच्या प्रमाणात पंढरपूर भरायचं म्हटलं तर वर्षाला साडेतीन कोटी माणसं यावी लागतील. शिवाय पंढरीला एकादशी आहे, पालख्यांचे ठरलेले मुक्काम आहेत. आर्सला तिथी नव्हती, यात्रा नव्हती, पूर्वापार चालत आलेलं तीर्थ नव्हतं. रोज भल्या पहाटेपासून येत राहायची ती सुटी सुटी माणसं, आणि येत होती ती एका जिवंत माणसाकडे.

पण डोकं गरगरतं ते गर्दीमुळे नव्हे. चांगला कीर्तनकार पन्नास हजारांच्या सभेला एकाच वेळी रडवू-हसवू शकतो. श्रोते वाढले म्हणून त्याचा वेळ वाढत नाही. देवळातला देव एका दर्शनरांगेत दिवसाला लाखभर लोकांना पुरतो. पापनिवेदनाचं तसं नाही. गोव्यात आणि सिंधुदुर्गात ज्याला कुमसार म्हणतात, तो हा विधी. एक माणूस येतो, लाकडी कप्प्यात बसलेल्या धर्मगुरूच्या कानाशी आपली पापं स्वतःच्या तोंडाने सांगतो, धर्मगुरू दोन शब्द बोलतो, प्रायश्चित्त देतो आणि क्षमेचे शब्द उच्चारतो. मग तो उठतो आणि दुसरा येतो. यात घाऊक काही चालत नाही. समोर एक आणि आत एक, यापलीकडे त्याचं गणित जात नाही. म्हणून ८०,००० या आकड्याला इथे भागाकार करावा लागतो, आणि भाजक असतो एका माणसाचा दिवस.

तो भागाकार असा. शेवटच्या दहा वर्षांत व्हियानी दिवसाला १६ ते १८ तास पापनिवेदनाला बसत. १६ तास म्हणजे ९६० मिनिटं. ८०,००० माणसं ३६५ दिवसांत वाटली तर रोजची २१९. एकेकाला येतात ४ मिनिटं २३ सेकंद. लाख धरले तर साडेतीन मिनिटं. आलेल्या सगळ्यांनीच पापनिवेदन केलं असेल असं नाही. कुणी आजारी मूल घेऊन आशीर्वादाला येई, कुणी नुसतं बघायला. १८५३ पासून मदतीला काही मिशनरी धर्मगुरूही मिळाले होते. म्हणून अर्धेच धरू, तरी पावणेनऊ मिनिटं. ही मिनिटं एकामागून एक, मधे श्वास न घेता. दुसऱ्याच्या आयुष्यातलं सगळ्यात लाजिरवाणं ते पावणेनऊ मिनिटं ऐकायचं, त्याला नेमकं काय म्हणायचं ते ठरवायचं आणि लगेच पुढच्याचं ऐकायचं. असं दिवसाला शंभरवर वेळा.

आता तासांची बेरीज. त्यांची कीर्ती पसरू लागली ती १८२०च्या दशकाच्या शेवटी. तिथून मृत्यूपर्यंत ३० वर्षं धरू. हिवाळ्यात दिवसाला ११-१२ तास आणि उन्हाळ्यात त्याहून बरेच जास्त असा त्यांचा क्रम होता. मी बारमाही १२ तासच धरले. १२ गुणिले ३६५ गुणिले ३० बरोबर १,३१,४०० तास. एका वर्षात तास असतात ८,७६०. भागाकार बरोबर १५ येतो. पंधरा वर्षं, रात्र आणि दिवस, लाकडाच्या एका अरुंद कप्प्यात बसून. दुसऱ्या बाजूने मोजा. रोज आठ तास, वर्षाला अडीचशे दिवस नोकरी करणारा माणूस वर्षात दोन हजार तास भरतो. हे काम करायला त्याला साडेपासष्टहून जास्त वर्षं लागतील. आणि व्हियानींचं एकूण आयुष्यच होतं ७३ वर्षांचं.

तो दिवस चालायचा तरी कसा? रात्री एकच्या सुमाराला ते कंदील घेऊन घरातून चर्चमध्ये येत. तेव्हाही दारात माणसं थांबलेली असत. बायकांचं पापनिवेदन संत जॉन बाप्टिस्टच्या छोट्या चॅपलमध्ये, पुरुषांचं मागच्या सॅक्रिस्टीत, म्हणजे उपासनेचं साहित्य ठेवायच्या खोलीत. सकाळी मिस्सा, मग पुन्हा बैठक. अकरा वाजता दाटीने उभ्या असलेल्या लोकांना धर्मशिक्षण. दुपारी उभ्याउभ्या काही मिनिटांत जेवण, गावातल्या आजाऱ्यांना भेट आणि परत त्याच कप्प्यात. रात्री दोन-तीन तास झोप. सुरुवातीच्या वर्षांत तर आठवड्याचे बटाटे एकदम उकडून ठेवत आणि थंडगार तेच खात. आठवड्याच्या शेवटी त्यांना बुरशी आलेली असे. उन्हाळ्यात त्या चर्चमध्ये गर्दीने हवा कोंडे. हिवाळ्यात पाय बधिर होत.

हे सगळं वाचून मला नुसतं कौतुक वाटलं असं नाही. कुणी कुणाकडून असं काम करून घेऊ नये. त्यांचा कडकपणाही मला पटत नाही. गावातल्या नाचांविरुद्ध ते वर्षानुवर्षं लढले आणि नाचायला जाणाऱ्या पोरापोरींना क्षमा नाकारत राहिले. त्या पोरींचं काय झालं असेल, असं मनात येतंच. पण याच माणसाने १८२४ मध्ये गावात मुलींसाठी फुकट शाळा काढली, पुढे तिथे साठेक अनाथ आणि गरीब मुली राहू-जेवू लागल्या. २३० वस्तीच्या गावात साठ मुलींचा रोजचा स्वयंपाक. आणि वय वाढत गेलं तसतसे आत बसलेले फादर मऊ होत गेले, असं त्यांच्याकडे वारंवार गेलेल्यांनी सांगितलं आहे.

आजूबाजूच्या धर्मगुरूंना मात्र हे सहन होत नव्हतं. आपली माणसं आपल्याला सोडून या अर्धशिक्षिताकडे जातात म्हणून त्यांनी बिशपकडे तक्रारी केल्या. असा एक तक्रार-अर्ज फिरत फिरत चुकून व्हियानींच्याच हाती पडला, तेव्हा त्यांनी तो वाचून खाली स्वतःची सही ठोकली आणि पुढे पाठवून दिला. त्यांना मनापासून ते खरं वाटत होतं. आपण या कामाला लायक नाही, कुठेतरी मठात जाऊन आपल्या पापांसाठी रडत बसावं, ही एकच इच्छा त्यांनी जन्मभर बाळगली. १८४३ मध्ये मोठ्या आजारातून उठल्यावर ते गुपचूप दार्दिलीला भावाच्या घरी निघून गेले. दोन-चार दिवसांत लोक तिथेही येऊन ठेपले आणि त्यांना परतावं लागलं. १८५३ मध्ये रात्री पुन्हा निघाले, तर गावाने चर्चच्या घंटा वाजवून त्यांना वाटेतच अडवलं. तेव्हा ते ६७ वर्षांचे होते. परत आले आणि कप्प्यात जाऊन बसले.

मानमरातबाचे आकडे मात्र एवढेएवढेसे. १८५२ मध्ये बिशपांनी त्यांना कॅनन हे सन्मानपद दिलं आणि मानाचा झगा खांद्यावर घातला. तो त्यांनी ५० फ्रँकना विकून गरिबांच्या कामाला लावला. १८५५ मध्ये सरकारने लीजन ऑफ ऑनर हा सन्मान जाहीर केला. त्यासोबत गरिबांना वाटायला काही पैसे येणार आहेत का, एवढंच त्यांनी विचारलं. उलट पदकासाठी आपल्यालाच १२ फ्रँक भरावे लागतील असं कळल्यावर त्यांनी नको म्हटलं.

आता आजचा हिशेब. जगात कॅथलिक आहेत १४० कोटींवर आणि धर्मगुरू सुमारे ४ लाख ७ हजार. एका धर्मगुरूमागे साधारण साडेतीन हजार माणसं, तीही सगळेच धर्मगुरू धर्मग्राम सांभाळतात असं धरल्यावर. प्रत्यक्षात कितीतरी जण शाळांत, सेमिनरीत, बिशपांच्या कचेरीत असतात. प्रत्येक कॅथलिकाने वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करावं, हा नियम चर्चच्या १२१५ सालच्या लॅटरन परिषदेने घातला. साडेतीन हजार माणसांनी तो पाळायचं ठरवलं आणि प्रत्येकाला दहा मिनिटं दिली, तर ३५,००० मिनिटं होतात. म्हणजे ५८३ तास, म्हणजे रोज आठ तास धरले तर ७३ दिवस. अडीच महिने, दुसरं काहीही न करता. आणि दुसरं तर ढीगभर असतं. रोजची मिस्सा, बाप्तिस्मे, लग्नाआधीची चौकशी आणि तीन रविवारची जाहीर सूचना, अंत्यविधी, चर्चच्या शाळेचं छप्पर, सणाची वर्गणी, दोन भावांचं वाडीच्या बांधावरून पेटलेलं भांडण. वसईत नाताळच्या आधी आमच्याकडे शेजारच्या धर्मग्रामांतले फादर मदतीला बोलावतात. चर्चच्या कोपऱ्याकोपऱ्यात एकेक खुर्ची मांडतात, तरी रांगा हलत नाहीत.

धर्मग्रामाच्या कचेरीत जाड पुठ्ठ्याच्या वह्या असतात. कोणाचा बाप्तिस्मा कधी झाला, साक्षीदार कोण, कोण कोणाशी लग्नाला उभं राहिलं, कोणाला कधी मातीत ठेवलं, हे सगळं त्यांत सापडतं. वसईत आणि गोव्यात पिढ्यांमागचे आजे-पणजे लोक असेच शोधून काढतात. पापनिवेदनाची वही नसते. कोण आलं, किती आले, काय म्हणाले, यातलं काहीही लिहायचं नसतं, आणि ऐकलेलं जिवावर बेतलं तरी सांगायचं नसतं. त्यामुळे आर्सच्या फादरांचं सगळ्यात मोठं काम त्यांच्या कोणत्याच नोंदीत नाही. ते मला चरित्रकारांनी दिलेल्या आकड्यांवरून, लोकांनी सांगितलेल्या त्यांच्या दिनक्रमावरून मागे मागे जात मोजावं लागलं. माझा १,३१,४०० हा आकडाही त्यामुळे अंदाजच आहे. त्याचा ताळा करून बघायची सोय कुणीच ठेवलेली नाही.

त्यांच्या अंत्ययात्रेला ३०० धर्मगुरू आणि ६,००० लोक होते. १९२५ मध्ये त्यांना संतपद मिळालं, १९२९ मध्ये ते धर्मग्रामांतल्या धर्मगुरूंचे आश्रयदाते झाले. आर्सला आजही वर्षाला लाखांनी माणसं जातात. जुन्या चर्चमध्ये तो लाकडी कप्पा अजून जागेवर आहे.

२९ जुलै १८५९, शुक्रवार. कडक उन्हाळा होता. त्या दिवशीही ते नेहमीसारखे पापनिवेदनाला बसले, अकराचं धर्मशिक्षण दिलं आणि रात्री खोलीत आल्यावर कोसळले. पुढचे काही दिवस अंथरुणाशी आलेल्या थोड्या जणांची पापनिवेदनं त्यांनी पडल्यापडल्या ऐकली. ४ ऑगस्टला पहाटे दोन वाजता ते गेले. एरवी त्या वेळेला त्यांना चर्चमध्ये बसून एक तास झालेला असे.